खाकरून यायची गल्ली

माझी माय छताखाली झोपत नव्हती. हे एक वाक्य मी आजवर इतक्या जणांना समजावून सांगितलं आहे की आता ते सांगतानाच माझा आवाज चढतो. पोलीस चौकीत सांगितलं, नगरसेवकाला सांगितलं, कॅमेरे बसवणाऱ्या माणसांना सांगितलं, एका डॉक्टरलाही सांगितलं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाकीच्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तुमचं खरं आहे बाई, पण नियम सगळ्यांना सारखा.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला, विष्णुपुरीच्या वसतिगृहात शिकत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. घर तिकडच्या सगळ्या घरांसारखंच, जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारेगार, म्हणून आम्हाला त्याचं फार कौतुक. त्या पहाटे ते माळवदच खाली आलं. मायला दुपारी जिवंत बाहेर काढलं. वडिलांना संध्याकाळी काढलं तेव्हा ते गेलेले होते. मधल्या वेळात दोघं ढिगाऱ्याखालून एकमेकांशी बोलत होते आणि मग वडील बोलायचे थांबले, एवढंच मायनं मला एकदा सांगितलं. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

वडिलांच्या जागी मायला लातुरात एका कचेरीत शिपायाची नोकरी मिळाली. शहराच्या कडेला नवी वस्ती होत होती, तिथं आम्ही दोन खोल्या बांधल्या. वर स्लॅब टाकला. मी तोवर विष्णुपुरीच्याच एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला लागले होते. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि त्यांनी किती भार सोसला ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. मी मोठ्या तोऱ्यात मायला सांगितलं, "आपल्या स्लॅबचे ठोकळे मी सोता तपासलेत. काळजी करू नको." ती म्हणाली, "तपासलेस म्हंजे फोडलेसच न्हवं? मंग फुटत्यातच की."

दिवसा ती घरात असायची. स्वयंपाक, धुणं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं उदबत्ती, सगळं आत. पाठ टेकायची वेळ आली की मात्र बाज बाहेर. आमच्या घराला अंगण नव्हतं. पायरी उतरली की गल्लीच. त्या गल्लीच्या कडेला, नालीच्या अलीकडं, तिची बाज पडायची. पावसाळ्यात ती दोन बांबूंवर ताडपत्री बांधून घ्यायची, थंडीत दोन गोधड्या.

सुरुवातीला ती एकटी नव्हती, सगळी गल्लीच बाहेर झोपायची. भूकंपानंतरची पहिली काही वर्षं लातुरात कितीतरी गल्ल्या अशाच होत्या. जमीन जरा कुठं गुरगुरली की लोक उठून बसायचे, म्हणून उठायला सोपं तिथंच झोपायचे. बायका, म्हातारे, नव्यानं लग्न झालेली जोडपी, सगळी उघड्यावर. मग त्यातून गल्लीचे आपोआप काही रिवाज पडले. ते कुणी लिहिले नाहीत, कुणी सांगितलेही नाहीत. रात्री उशिरा येणारा बाप्या गल्लीच्या तोंडाशीच खाकरायचा. दोनदा खाकरून क्षणभर थांबायचा, म्हणजे बायकांना पदर सावरायला वेळ मिळायचा. मग बाजांच्या विरुद्ध बाजूला तोंड करून, भिंतीकडं बघत निघून जायचा. बॅटरी लावायची तर जमिनीवर लावायची. एकदा कुणाचा तरी पाहुणा न खाकरता आला, तर दुसऱ्या दिवशी त्याला ज्याच्या घरी उतरला होता त्यानंच झापलं. इतक्या उघड्या गल्लीत मी सुट्टीत जाऊन झोपायचे आणि मला कधी भीती वाटली नाही.

हळूहळू लोकांची भीती मेली. एकेक बाज आत गेली. समोर एक गुत्तेदार राहायचे, बांधकामाची कंत्राटं घेणारे. भूकंपानंतर ते आणि त्यांची बायको आमच्या मायच्या शेजारीच झोपायचे, मायला ताप आला तेव्हा त्यांनीच तिची बाज उचलून रिक्षापर्यंत नेली होती. त्यांनी आधी एक मजला चढवला, मग दुसरा, मग तिसरा. कारण तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. उदगीर, देगलूर, अर्धापूर, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला यायची आणि ज्याच्याकडं चार भिंती तो हॉस्टेलवाला व्हायचा. माणसं जिथं भिंतींना भिऊन रस्त्यावर झोपली, तिथंच तीन-तीन मजल्यांवर दुसऱ्यांची लेकरं निजायला लागली. मायला हे कधीच पटलं नाही. "गुत्तेदार, जरा इसरलाव तुमी," ती त्यांना म्हणायची. ते हसून म्हणायचे, "इसरल्याशिवाय कसं जगावं माणसानं, सांगा बरं."

गुत्तेदारांच्या हॉस्टेलात पोरी राहायच्या. संध्याकाळी क्लास सुटला की मेसचं जेवण व्हायच्या आधी त्या मायच्या बाजेवर येऊन बसायच्या. दोन बाजेवर, चार पायरीवर. कुणाला आईची आठवण यायची, कुणाला टेस्टमध्ये मार्क कमी पडलेले असायचे. अर्धापूरची एक पोरगी घरून आलेल्या केळांची पिशवी थेट मायच्या पुढ्यात ओतायची. गल्लीत टवाळखोर आलाच तर त्याच्याकडं आठ-दहा जोडी डोळे एकदम वळायचे आणि वर मायचा आवाज. पोरींच्या सुरक्षेची याहून चांगली व्यवस्था मला तरी माहीत नाही.

आता खरं ते खरं म्हणायला हवं. भीती खोटी नव्हती. त्याच काळात कुठल्याशा मोठ्या शहरात स्फोट झाले आणि गावोगाव पोलिसांना वरून हुकूम आले. आमच्याच भागात, मुख्य रस्त्यावर, क्लासहून येणाऱ्या एका पोरीच्या मागं दोघं मोटारसायकलवरून लागले. ती रडत खोलीवर आली, तिचे आईवडील गावाहून धावत आले. मग शांतता समितीची बैठक झाली. पोलीस चौकीचे साहेब आले, नगरसेवक आले, गुत्तेदार पहिल्या रांगेत. सगळ्या क्लास भागात कॅमेरे बसवायचे ठरलं. रात्री दहानंतर विनाकारण बाहेर थांबायचं नाही, हेही ठरलं. हॉस्टेलच्या पोरींनी अंधार पडायच्या आत गेटच्या आत यायचं. मी त्या बैठकीला योगायोगानं होते. मी उठून विचारलं, "छेडलं मोटारसायकलवाल्यांनी, मग आत पोरींनी का बसायचं?" लोक हसले. साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांच्या सेफ्टीसाठीच आहे ना." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, हसतमुखानं देतात.

कॅमेरा गुत्तेदारांच्या गेटपाशी खांबावर बसला. गल्लीच्या लांबीवर नजर ठेवून. मायची बाज बरोबर त्याच्या टप्प्यात.

पहिले चार-दोन दिवस तिला त्याचं काही वाटलं नाही. मग एका पोरीनं तिला मोबाइलवर दाखवलं की कॅमेऱ्यात माणूस कसा दिसतो. त्या रात्री तिनं फोन केला. "बाई, ह्ये कोण बगतंय गं मला?" मी म्हटलं, पोलीस बघतात, चौकीत पडदे असतात. तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "मी गुडघ्याला तेल लावते. चोळी ढिली करते. क्येस सोडते. माणूस असता तर तोंड फिरव बाबा म्हनले असते. ह्येला काय म्हनू? ह्यो तर खाकरत बी न्हाई."

आणि मग तिनं तेच केलं जे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं. खिडकीच्या गजापासून ताडपत्रीच्या बांबूपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर एक जुनं लुगडं आडवं टाकलं. झाला आडोसा. भूकंपानंतर सगळ्या बायका असाच आडोसा करायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. पण त्या लुगड्यानं बाज झाकली तशी मागची अर्धी गल्लीही झाकली गेली. दोन दिवसांनी हवालदार आला. आधीही यायचा तो, "मावशी, आत झोपा की आता, भूकंप काय रोज येतो का," असं प्रेमानं म्हणायचा. या वेळी नोटीस घेऊन आला. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा आणि सुरक्षा यंत्रणेच्या कामात जाणूनबुजून व्यत्यय. लुगडं ताबडतोब काढावं, बाज आठवड्यात हलवावी, नाहीतर जप्त. माझ्या मायनं आयुष्यभर सरकारी कचेरीत साहेबांना पाणी दिलं, नोकरीच्या हुकमानंतर तिच्या नावानं घरी सरकारी कागद आला तो हा.

मी रजा टाकून नांदेडहून निघाले. एसटीत माझ्या शेजारी उदगीरचा एक वयस्क शिंपी बसला होता, कापडाचं गाठोडं मांडीवर घेऊन. लातूरच्या अलीकडं नाकाबंदी होती. गाडी थांबली, एक शिपाई वर चढला आणि सगळ्यांकडं एक नजर टाकत आमच्या सीटपाशी आला. त्यानं तोंड उघडायच्या आत शिंप्यानं खिशातून ओळखपत्र काढून पुढं धरलं होतं. गाठोड्याची गाठही सोडायला घेतली होती. माझ्या पायाशी तेवढीच मोठी बॅग होती, तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. शिपाई उतरल्यावर मी म्हटलं, "चाचा, त्यानं मागितलं तरी होतं का?" तो गाठ पुन्हा बांधत म्हणाला, "मांगनेतक कशाला थांबायचं बाई? आता आदत पडली." तो शांत होता आणि मी नुसती धुमसत होते. ज्याच्यावर ही वेळ रोज येते तो शांत, आणि जिच्यावर आज पहिल्यांदा आली ती चिडलेली, हेही मला दिसत होतं. त्यामुळं तर अजूनच चिडले.

चौकीतले साहेब वाईट माणूस नव्हते. ते दुष्ट असते तर सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, मायची सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "मॅडम, माझी बी पोरगी क्लासला जाते. उद्या त्या लुगड्याच्या मागं काय घडलं तर लोक कुणाला विचारतील? मलाच न्हवं?"

मी म्हटलं, "मग कॅमेऱ्याचं तोंड जरा फिरवा. गेट दिसू द्या, बाज नको."

"त्याची इजाजत जिल्ह्यावरून लागते. अँगल वरून ठरलेत."

आमच्या गल्लीत बाप्ये आपणहून तोंड फिरवायचे. इथं तोंड फिरवायला जिल्ह्याची परवानगी. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर ते खजील होऊन हसले आणि म्हणाले, "या, तुमाला दाखवतोच. तुमचाच गैरसमज दूर होईल."

आतल्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर चौकटीच चौकटी. चौक, क्लासचे बोर्ड, चहाच्या टपऱ्या, मोटारसायकली. समोर एक शिपाई खारे शेंगदाणे खात बसला होता. साहेबांनी सांगितल्यावर त्यानं एक चौकट मोठी केली. आणि पडदाभर माझी माय आली.

दुपार होती. लुगडं नोटिशीबरोबरच उतरलं होतं. ती बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. पदर खांद्यावरून घसरलेला, एक पाय खाली सोडलेला. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि काहीच न करता नुसती बसून राहिली, माणूस एकटं असताना बसतं तशी. मी तिला जन्मभर पाहिलंय, पण ती एकटी असताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. ते मला माहीत असायलाही नको होतं. शिपायानं मुठीतले शेंगदाणे तोंडात टाकले आणि मला म्हणाला, "ही म्हातारी व्हय? ही रोजच असती."

माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, "हे सगळं बघतं कोण?"

"तसं कुणीच बघत न्हाई मॅडम," साहेब मला शांत करायला म्हणाले. "एवढ्या चौकटी, कोण बघणार? काही घडलं तर मागचं काढून बघायचं."

"कुणीच बघत नाही, तर लावला कशाला? आणि बघता, तर न विचारता कसं बघता?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला क्षणभर वाटलं, मुद्दा पोचला. पण ते चहा गार होतोय म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो.

नंतर मी नगरसेवकाकडं गेले, तिथून नगरपालिकेत, तिथून पुन्हा चौकीत. प्रत्येक टेबलावर तेच. आम्ही नाही, ते. ते नाही, वरचे. गुत्तेदारांनाही भेटले. म्हटलं, तुम्ही स्वतः दोन वर्षं झोपलात या गल्लीत, तुम्ही तरी समितीत सांगा. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, पोरींचे मायबाप खोली बघायला येत्यात आन् आधी दारात ती बाज दिसती. इचारत्यात, एरिया कसा हाय?" म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली हेही होतं. मग म्हणाले, "आन् खरं सांगू का, ती बाज दिसली की मला रात्री झोप लागत न्हाई." ते खरं बोलत होते. तरी मी त्यांना क्षमा करू शकले नाही.

मला या सगळ्यात राग येतो तो एका गोष्टीचा. कुणी मायवर जुलूम केला म्हणावं तर कुणीच केला नाही. सगळे तिला मावशी म्हणाले, सगळ्यांनी मला चहा पाजला. प्रत्येक वेळी जे काढून घेतलं ते तिच्याच भल्यासाठी काढून घेतलं. आधी पोरी गेल्या, कारण अंधाराच्या आत गेट बंद. मग लुगडं गेलं. राहता राहिली बाज. आणि जे घेतलं जातंय त्याला नाव काय द्यायचं, हेच मला कुठल्याही टेबलापुढं सांगता येईना. स्वातंत्र्य म्हटलं तर लोक हसायचे. एका म्हातारीनं नालीच्या कडेला झोपणं, याला कुणी स्वातंत्र्य म्हणतं का?

आठवडा संपत आला तेव्हा मी वकील बघायच्या तयारीत होते. मधे नांदेडला कामावर जाऊन रविवारी सकाळी पुन्हा लातुरात पोचले तर गल्लीत बाज नव्हती. बाज आत, मधल्या खोलीत होती. मायनं स्वतःच हलवली होती. हॉस्टेलच्या दोन पोरींनी हातभार लावला होता.

"कामून आत घेतलीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी लढून राहिले ना!"

"तुजी नोकरी हाय," ती म्हणाली. "माझ्यापायी तुला तकलीफ नको. आन् तू लढून राहिलीस त्ये बगून राहिले की मी. रोज फोनवर तुजा आवाज अजूनच बसून राहिलाय."

तिचे डोळे तांबडे होते. समोरच्या पोरींकडून मला कळलं की ती बाजेवर झोपतच नाही. उंबऱ्यात बसते, पाठ चौकटीला लावून, दार उघडं टाकून. हवालदारानं फेरीत ते दार उघडं पाहिलं आणि सांगून गेला, मावशी, दार लावून घेत जा, दिवस वाईट आहेत. आता ती दार लावून बसते.

त्या दुपारी मी तिला म्हटलं, "चल नांदेडला माझ्याकडं." ती म्हणाली, तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. विषय संपला. आम्ही दोघी जेवलो. मी भांडी घासली. ती बाजेच्या कडेवर अवघडून बसली होती आणि वर स्लॅबकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "तू त्या चौकीत पडद्यावर बगितलीस न्हवं आपली गल्ली?"

"हाव."

"सगळी दिसती?"

"दिसती."

"रातचं बी?"

"रातचं बी."

तिनं वरचा स्लॅब पुन्हा एकदा नीट पाहिला. मग म्हणाली, "मंग आपलं घर पडलं तर त्येंला लगीच दिसंल. त्या टायमाला कुणालाच ठावं नव्हतं आमी कुठं हावोत ते. ह्येंला ठावं राहील. येतील न्हवं लवकर?"

मला ती चौकट जशीच्या तशी आठवत होती. त्यात रस्ता होता, गुत्तेदारांचं गेट होतं, नाली होती आणि नालीच्या अलीकडं बाज होती. आमच्या पायरीपाशी चित्र संपत होतं. घर त्यात नव्हतं.

"येतील माय," मी म्हणाले. "लगीच येतील."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. तिनं पाय वर घेतले, उशी सारखी केली आणि भूकंपानंतर पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांदेखत, छताखाली आडवी झाली.